जळालेले दप्तर आणि उरलेल्या वह्या

आयर्लंड हा देश आपल्या चळवळीतल्या वाचकाला अगदीच परका नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील समारोपाच्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेचा धोका सांगितला, तेव्हा दाखला दिला तो डॅनिअल ओ'कॉनेल या आयरिश नेत्याचा. भारतीय संविधानातील मार्गदर्शक तत्त्वांची कल्पना १९३७ च्या आयरिश संविधानावरून घेतली, हे आपण महाविद्यालयात दरवर्षी शिकवतो. आयर्लंडची आपली ओळख बहुधा इथेच थांबते. पण त्या देशाकडून घेण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती इतिहास लिहू पाहणाऱ्या आपल्या पिढीच्या अधिक उपयोगाची आहे. तेथील शाळामास्तरांनी, कारकुनांनी, हौशी शोधकांनी आणि घरसंसार सांभाळणाऱ्या बायकांनी जमवलेल्या वह्या, पत्रे, टिपणे आणि कार्डे, ही ती गोष्ट. गावाचे नाव कसे पडले, कोणत्या शेताला काय म्हणत, कोणत्या टेकाडाखाली काय पुरले आहे, याची नोंद ठेवणारी ही खाजगी दप्तरे.

ज्यांच्याकडे वाडा नव्हता, बखर नव्हती, सनद नव्हती, त्यांचा इतिहास कशावरून लिहायचा? आपण काही मांडू लागलो की प्रस्थापित पंडित पहिला प्रश्न विचारतात : पुरावा कुठे आहे? पुरावा कोणी ठेवायचा, कोणाच्या सोयीने ठेवायचा आणि कोणी जाळायचा, हे कधीच विचारले जात नाही. आयर्लंडच्या उदाहरणात हे तिन्ही प्रश्न उघडे पडलेले दिसतात.

एक सावधगिरी आधीच घेतली पाहिजे. आयरिश कॅथलिक कूळ आणि आपल्याकडचा अस्पृश्य यांची स्थिती एकच होती असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. आयरिश शेतकऱ्याच्या जमिनी गेल्या, १६९५ च्या कायद्याने कॅथलिकांना शाळा चालवण्यास बंदी झाली आणि पुढे कित्येक दशके कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात मास्तर चोरून शिकवीत राहिले. हे सारे खरे. पण त्याच्या सावलीचा विटाळ कोणाला होत नव्हता. म्हणून तुलना करायची ती दुःखांची नव्हे, नोंद ठेवण्याच्या पद्धतीची.

नकाशा आणि नाव

१८२४ मध्ये ब्रिटिश सरकारने आयर्लंडची मोजणी हाती घेतली. काम लष्कराच्या ऑर्डनन्स सर्व्हे या खात्याकडे होते आणि प्रमुख होता थॉमस कोल्बी. हेतू ज्ञानाचा नव्हता. स्थानिक कर कोणत्या जमिनीवर किती बसवायचा हे ठरवायचे होते. आयर्लंडमध्ये जमिनीचा सर्वांत लहान, स्वतःचे नाव असलेला तुकडा म्हणजे टाउनलँड. आपल्याकडच्या वाडीच्या शिवाराशी तो ढोबळमानाने जुळेल. असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड मैलाला सहा इंच या प्रमाणात नकाशावर उतरवले गेले आणि १८४६ पर्यंत सर्व ३२ काउंट्यांचे नकाशे छापून झाले.

या मोजणीचा आपल्या देशाशी सरळ संबंध आहे. कोल्बीने आधाररेषा मोजण्यासाठी ज्या धातूच्या पट्ट्या तयार करवल्या, त्या १८२९ मध्ये जॉर्ज एव्हरेस्टने आयर्लंडात जाऊन पाहिल्या आणि तशाच पट्ट्या घेऊन तो हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय मोजणीवर परतला. इकडे दख्खनमध्ये त्याच दशकात, १८३५ नंतर, गोल्डस्मिड आणि विंगेट इंदापूर तालुक्याची महसुली मोजणी करू लागले होते. साम्राज्य एकच होते आणि त्याची साखळीही दोन्हीकडे शेतातूनच ओढली जात होती.

नकाशावर नाव लिहायचे तर ते कसे लिहायचे, हा प्रश्न आला. मोजणी करणारे शिपाई इंग्रज. एकाच टाउनलँडचे नाव जमीनदाराच्या कागदात एक, चर्चच्या वहीत दुसरे आणि लोकांच्या तोंडी तिसरे. म्हणून खात्याने नावांच्या वह्या केल्या. त्यांत मिळालेले नाव, त्याची निरनिराळी स्पेलिंगे, ती कोठून मिळाली तो आधार, जागा आणि वर्णन असे रकाने होते. हा गुंता सोडवण्यासाठी १८३० मध्ये नोकरीला घेतलेला माणूस म्हणजे जॉन ओ'डोनोव्हन.

ओ'डोनोव्हनचा जन्म १८०६ चा, किलकेनी काउंटीतल्या एका लहान कुळाच्या घरातला. बाप लवकर गेला. जुन्या घराण्यांच्या आणि गावांच्या कथा त्याने चुलत्याकडून ऐकल्या. डब्लिनला येऊन जुने कागद उतरवून देण्याचे काम करत तो शिकला. त्याचा सहकारी यूजीन ओ'करी हाही क्लेअर काउंटीतल्या शेतकऱ्याचा मुलगा. शाळेचे रीतसर शिक्षण नाही आणि सर्व्हेत येण्यापूर्वी लिमरिकच्या वेड्यांच्या इस्पितळात नोकरी. पुढे ओ'डोनोव्हन बेलफास्टला प्राध्यापक झाला आणि ओ'करी डब्लिनच्या कॅथलिक विद्यापीठात. पण त्यांचे खरे काम पायांनी झाले. जॉर्ज पेट्रीच्या देखरेखीखाली ओ'डोनोव्हन काउंटीमागून काउंटी चालत गेला, आयरिश बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना गाठून नाव उच्चारायला लावले आणि जे ऐकले ते डब्लिनमधल्या वरिष्ठांना, मुख्यतः थॉमस लार्कमला, पत्रांतून कळवत राहिला. भिजलेले कपडे, अपुरा पगार, एखाद्या जमीनदाराचा मूर्खपणा, पडक्या चर्चचे माप आणि गावाच्या नावाची व्युत्पत्ती, सारे एकाच पत्रात. ही पत्रे आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आहेत.

उच्चार ऐकणे का महत्त्वाचे होते, ते एका उदाहरणाने कळेल. आयर्लंडभर 'किल' या अक्षरांनी सुरू होणारी नावे आहेत. आयरिश भाषेत 'किल' म्हणजे जुने चर्च. पण 'क्विल' म्हणजे रान. इंग्रजी लिपीत दोन्हींचे 'किल' झाले. मग किलमोर हे मोठे चर्च की मोठे रान? कागदावरून उत्तर मिळत नाही. ते मिळते त्या गावातल्या, बहुधा लिहितावाचता न येणाऱ्या माणसाच्या जिभेवरून. ओ'डोनोव्हनने नकाशासाठी इंग्रजी स्पेलिंग ठरवून दिले. तो सरकारचा नोकर होता आणि ते त्याचे काम होते. पण त्याच वहीत त्याने मूळ आयरिश नावही लिहून ठेवले. एका हाताने नाव बदलत असताना दुसऱ्या हाताने तो ते जपत होता. १९८० मध्ये ब्रायन फ्रीलने या मोजणीवर 'ट्रान्सलेशन्स' हे नाटक लिहिले आणि त्यावरून आयर्लंडात मोठा वाद झाला. नाटकातले सैनिक गावाची नावे पुसतात. जे. एच. अँड्र्यूज या अभ्यासकाने १९७५ च्या आपल्या ग्रंथात मोजणीचा इतिहास सविस्तर मांडला होता. त्याला नाटकातले चित्र पटले नाही. मला वाटते, दोघांचेही वाचावे. सत्तेने नाव बदलले हे खरे आणि ज्या वहीमुळे जुने नाव परत सापडते ती वही सत्तेच्याच पगारावर लिहिली गेली हेही खरे.

प्रत्येक परगण्याचा इतिहास, जुने अवशेष, लोकांचे जीवन यांची पुस्तके काढण्याची योजनाही होती. १८३७ मध्ये एकच पुस्तक निघाले आणि योजना गुंडाळली गेली. कारण सांगितले खर्चाचे. पण जमिनी पूर्वी कोणाच्या होत्या याची चौकशी केली तर लोकांच्या मनात जुने हक्क जागे होतील, अशी ओरडही त्या काळी झाली होती. राज्यकर्त्याला जमिनीचे माप चालते. जमिनीची आठवण मात्र चालत नाही. उरलेली हस्तलिखिते दीडशे वर्षे पडून होती. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संस्थेने ती १९९० च्या दशकात ४० खंडांत छापली.

दुष्काळ आणि आग

नकाशे पूर्ण होत होते तेव्हाच, १८४५ मध्ये, बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सहासात वर्षांत सुमारे १० लाख माणसे उपासमारीने आणि तापाने मेली आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१ लाख ७५ हजार होती. १८५१ मध्ये ती सुमारे ६५ लाख ५० हजारांवर आली. कोण नाहीसे झाले ते घरांच्या आकड्यांवरून दिसते. एका खोलीच्या मातीच्या झोपड्या १८४१ मध्ये सुमारे ४ लाख ९१ हजार होत्या. १८५१ मध्ये सुमारे १ लाख ३५ हजार उरल्या. म्हणजे पुसला गेला तो भूमिहीन मजूर आणि गुंठाभर बटाट्यावर जगणारा कूळ. त्याच्या वस्तीचा शेवटचा पुरावा कित्येक ठिकाणी सर्व्हेचा पहिला नकाशा हाच आहे. करासाठी काढलेल्या कागदावर ती घरे काळ्या ठिपक्यांनी दाखवली आहेत. नंतरच्या आवृत्तीत त्या जागी मेंढ्यांचे कुरण आहे.

यानंतर दुसरा घाला पडला तो कागदावर. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत स्फोट होऊन आग लागली आणि तेथले सार्वजनिक दप्तरखाने जळाले. सातशे वर्षांचे कागद गेले. १८२१ ते १८५१ च्या चार शिरगणत्यांचे मूळ तक्ते थोडे अवशेष सोडता नष्ट झाले. त्यानंतरच्या १८६१ ते १८९१ च्या चार शिरगणत्या तर सरकारनेच आधी नष्ट करून टाकल्या होत्या. मृत्युपत्रे गेली, शेकडो चर्चच्या जन्ममृत्यूच्या वह्या गेल्या. हर्बर्ट वुड या अधिकाऱ्याने १९१९ मध्ये दप्तरखान्याची सूची छापली होती, म्हणून काय काय गेले ते तरी कळते.

आणि मग एकदम खाजगी वह्यांना किंमत आली. आग लागण्यापूर्वी ज्या संशोधकांनी, वंशावळी शोधणाऱ्यांनी त्या खोलीत बसून उतारे करून घेतले होते, त्यांची घरातली टिपणे हाच आता मूळ कागद झाला. विल्यम बेथम याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मृत्युपत्रांचे सारांश लिहून ठेवले होते. टेनिसन ग्रोव्ह्ज याने शिरगणतीचे आणि कराच्या याद्यांचे उतारे केले होते. २०२२ मध्ये, आगीला शंभर वर्षे झाली तेव्हा, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या पुढाकाराने जळालेल्या दप्तरखान्याची संगणकावर पुनर्रचना करणारा प्रकल्प लोकांसाठी खुला झाला. जगभर विखुरलेल्या नकला आणि उतारे यांवरच तो उभा आहे.

पण इथे आपण आपला प्रश्न विचारला पाहिजे. बेथमच्या वहीत कोण आहे? मृत्युपत्र करतो तो ज्याच्याकडे मागे ठेवायला काही असते. झोपडीतला मजूर मृत्युपत्र करत नाही. म्हणजे आग लागली तरी जमीनदाराचा वंश खाजगी वहीत वाचला आणि मजुराचा वंश दोनदा मेला.

त्याला अपवाद घडवला तो एका कल्याणकारी कायद्याने. १९०८ मध्ये सत्तर वर्षांवरील गरिबांना निवृत्तिवेतन देण्याचा कायदा झाला. आयर्लंडमध्ये सर्वांच्या जन्माची नोंद १८६४ पासूनची. सत्तरी गाठलेल्या माणसाकडे वयाचा दाखला कसा असणार? काहीजण सांगत, ६ जानेवारी १८३९ च्या मोठ्या वादळाची रात्र मला आठवते. आपल्याकडची म्हातारी माणसे प्लेगच्या सालावरून नाहीतर बहात्तरच्या दुष्काळावरून वय सांगतात, तसेच. ज्यांना हे जमले नाही त्यांनी अर्ज केले की १८४१ नाहीतर १८५१ च्या शिरगणतीत आमचे नाव शोधा. कारकुनाने शोधून अर्जावर आईबापांची नावे आणि टाउनलँड लिहिले. मूळ शिरगणती जळाली. हे हजारो अर्ज उरले. काही कुटुंबांची दुष्काळापूर्वीची एकमेव नोंद ही अशी, भाकरीच्या अर्जामुळे राहिली आहे.

जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा शोधत फिरलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही. माझ्या घरात माझ्या आधी कोणी पदवीपर्यंत गेले नव्हते. घरात कागद म्हणून जे होते ते रेशनकार्ड आणि अशाच दाखल्यासाठी आजोबांच्या नावाने मिळवलेला शाळेचा उतारा. आमच्या वंशाचे दप्तर तेवढेच.

मुलांच्या वह्या, मास्तरांच्या नजरा

स्वतंत्र आयर्लंडने १९३५ मध्ये लोकसाहित्य आयोग स्थापन केला. सेमस ओ डिलार्गा हा त्याचा संचालक. १९३७ ते १९३९ या काळात आयोगाने प्राथमिक शिक्षकांच्या मदतीने एक मोठे काम केले. दक्षिणेतल्या २६ काउंट्यांमधल्या सुमारे ५ हजार शाळांतल्या वरच्या वर्गांतील मुलांना निबंधाच्या तासाऐवजी घरी आणि शेजारी जाऊन म्हाताऱ्या माणसांकडून माहिती लिहून आणायला सांगितले. शेतांची नावे, पवित्र झरे, जुनी थडगी, दुष्काळाच्या आठवणी, चुलीवरचे पदार्थ, औषधी पाला, खेळ, शाप, असे पन्नासच्या वर विषय होते. सुमारे ५० हजार मुलांनी लिहिले. मुलांच्या मूळ वह्या आणि मोठ्या खंडांत उतरवून घेतलेला मजकूर मिळून सुमारे ७ लाख ४० हजार पाने झाली. ती आज डब्लिनच्या विद्यापीठात आहेत आणि संगणकावर कोणालाही वाचता येतात.

या वह्यांतली एक साधी पद्धत मला फार मोलाची वाटते. सांगणाऱ्याचे नाव, वय आणि गाव बहुतेक ठिकाणी मजकुराखाली लिहिलेले आहे. 'लोक म्हणतात' असे नाही. अमुक टाउनलँडमधल्या अमुक बाईने हे सांगितले. विद्यापीठाच्या प्रबंधात जो मान तज्ज्ञाला मिळतो तो इथे मेंढपाळाला आणि विधवेला मिळाला आहे.

मास्तराची नजर काय करू शकते, याचेही एक उदाहरण तिथे आहे. मेयो काउंटीतल्या बेलडेरिग गावचे शिक्षक पॅट्रिक कॉलफील्ड. त्या भागात जळणासाठी दलदलीतले पीट कापतात. १९३० च्या दशकात कापणी करताना खोल थराखाली दगडांच्या रांगा लागतात, हे कॉलफील्डच्या लक्षात आले. दगड आपोआप असे ओळीत बसत नाहीत. आणि ते दलदलीच्या खाली आहेत, तर दलदल साचण्यापूर्वीचे असले पाहिजेत. त्यांनी राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाला कळवले. बरीच वर्षे काही झाले नाही. पुढे त्यांचा मुलगा सेमस कॉलफील्ड पुरातत्त्वज्ञ झाला आणि त्याने तेथे शोध सुरू केला. साधन कोणते? लोखंडाची लांब सळई. दलदलीत पुरलेले लाकूड शोधायला तिथले मजूर पूर्वीपासून अशी सळई खुपसून पाहत. तीच सळई ठरावीक अंतरावर खुपसत जाऊन त्याने जमिनीखालच्या भिंतींचा नकाशा काढला. शेकडो हेक्टरांवर पसरलेली शेतांची बांधणी उजेडात आली. ती पाच हजार वर्षांहून जुनी, नवाश्मयुगीन मानली जाते. तिच्या काळाविषयी अलीकडे अभ्यासकांत मतभेदही झाले आहेत. केजा फील्ड्स या नावाने हे ठिकाण आज प्रसिद्ध आहे. शोधाच्या मुळाशी जळण कापणारे हात आणि खेड्यातल्या शिक्षकाची दखल आहे, हे विसरता कामा नये.

अशी आणखी नावे सांगता येतील. लियम प्राइस हे विकलो भागातले न्यायाधीश. खटल्यांसाठी गावोगाव फिरताना त्यांनी जागांची नावे आणि जुने अवशेष टिपून ठेवले. त्यांच्या काउंटीतल्या स्थलनामांचे सात भाग १९४५ ते १९६७ या काळात निघाले. टिम रॉबिन्सन तर मूळचा इंग्रज. १९७२ मध्ये तो अरान बेटांवर राहायला आला. गावच्या टपाल सांभाळणाऱ्या बाईंनी सुचवले की बेटाचा नकाशा करा. मग अरान, बरेन आणि कॉनमारा असे नकाशे त्याने पायी हिंडून केले. सरकारी नकाशात मोडून गेलेली नावे मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना विचारून परत आयरिशमध्ये लिहिली. त्याची कार्डे आणि कागद आज गॉलवेच्या विद्यापीठात आहेत. रॉबिन्सन २०२० मध्ये वारला. त्याला नावे सांगणारी कितीतरी माणसे त्याच्या आधीच गेली होती. कार्डे आहेत म्हणून ती नावे आहेत.

शिवेबाहेरची थडगी

इथपर्यंत वाचून एखाद्याला वाटेल की आयर्लंडने आपल्या सामान्य माणसाचा सगळा इतिहास जपला. तसे नाही. पारतंत्र्यातल्या समाजातही वरचे आणि खालचे असतात. परकी सत्ता गेली की आतली सत्ता उघडी पडते.

सर्व्हेच्या जुन्या नकाशांवर शेकडो ठिकाणी एक नोंद सापडते : मुलांची दफनभूमी. आयरिश भाषेत किलीन. बाप्तिस्मा होण्यापूर्वी मेलेल्या बाळाला चर्चच्या पवित्र भूमीत जागा नव्हती. त्याला पुरायचे कुठे? ओसाड चर्चच्या आवारात, जुन्या गढीच्या मातीत, समुद्रकाठी, दोन टाउनलँडच्या शिवेवर. आत्महत्या केलेले, वाहून आलेले अनोळखी, यांनाही पुष्कळदा तिथेच ठेवत. बाप रात्री एकटा पेटी घेऊन जाई. वर खूण म्हणून नाव नसलेला दगड. चर्चच्या दप्तरात या मुलांची नोंद नाही. ती आहे ती नकाशावर, लोकांच्या आठवणीत आणि स्थानिक शोधकांच्या टिपणांत. शीव ओलांडून मृताला ठेवणे म्हणजे काय, हे ज्यांच्या स्मशानाची वाट आजही काही गावांत अडवली जाते त्यांना वेगळे सांगायला नको.

ट्रॅव्हलर म्हणून ओळखला जाणारा भटका समाज हे दुसरे उदाहरण. मुलांच्या त्या वह्यांमध्ये भटक्यांविषयी एक विषय होता. पण लिहिणारी मुले घर असलेल्यांची. भटके लोक दारात आले की काय मागतात, कसे दिसतात, हे वहीत आले. भटक्यांना दार कसे दिसते ते आले नाही. आयरिश सरकारने त्यांना स्वतंत्र वांशिक समाज म्हणून मान्यता दिली ती १ मार्च २०१७ रोजी.

तिसरे उदाहरण गॉलवे काउंटीतल्या ट्यूम गावचे. दुष्काळाच्या काळातल्या वर्कहाउसच्या, म्हणजे कंगालांना ठेवण्याच्या सरकारी घराच्या इमारतीत १९२५ ते १९६१ पर्यंत अविवाहित माता आणि त्यांची मुले यांच्यासाठी एक निवास चालत होता. तो बॉन सेकूर संघाच्या जोगिणी चालवत. कॅथरीन कॉर्लेस या गावातल्याच एक गृहिणी आणि हौशी इतिहासलेखिका. शाळेत निवासातली मुले वेगळी बसवली जात, उशिरा येत आणि लवकर नेली जात, हे त्यांनी लहानपणी पाहिले होते. स्थानिक इतिहास मंडळाच्या अंकासाठी लेख लिहिताना त्यांनी विचारले, तिथे मेलेली मुले पुरली कुठे? उत्तर मिळाले नाही. मग त्यांनी स्वतःच्या पैशाने मृत्यूचे दाखले मागवले. एक, दहा, शंभर, करता करता ७९६ मुलांचे दाखले जमले. गावच्या दफनभूमींच्या नोंदवह्या त्यांनी पाहिल्या. यांतल्या जवळपास कोणाचीच नोंद नव्हती. जुने नकाशे एकमेकांवर ठेवून पाहिले, तेव्हा पूर्वी हाडे सापडलेल्या जागी वर्कहाउसची सांडपाण्याची टाकी दाखवलेली होती.

२०१२ मध्ये त्यांचा लेख त्या स्थानिक अंकात आला. कोणी फारशी दखल घेतली नाही. २०१४ मध्ये वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, चौकशी आयोग नेमला गेला आणि मार्च २०१७ मध्ये आयोगाने तिथे जमिनीखाली बालकांचे अवशेष असल्याचे जाहीर केले. २०२२ मध्ये अशा दफनांविषयी स्वतंत्र कायदा झाला आणि जुलै २०२५ मध्ये ट्यूमला शास्त्रीय उत्खनन सुरू झाले. सरकार, चर्च आणि विद्यापीठे यांच्यापाशी असलेल्या सगळ्या साधनांनी जे केले नाही ते एका बाईच्या स्वयंपाकघरातल्या फायलींनी केले. आणि साधने काय होती? दाखला, नोंदवही, नकाशा आणि टाळता न येणारा प्रश्न. स्थानिक इतिहास हा निवृत्त माणसांचा विरंगुळा आहे असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आपल्यापुरते

महसुली मोजणीचा उल्लेख वर आला. आपल्या गावगाड्यात शिवेचे भांडण निघाले की साक्ष महाराची घेत, कारण गावची शीव, बांधाचे दगड आणि जुन्या खुणा त्याला ठाऊक असत. गावाचा नकाशा त्याच्या डोक्यात होता. मोजणीदाराच्या कागदावर मात्र सांगणाऱ्याचे नाव क्वचितच आले. हाडकी, हाडोळा ही वतनी जमिनीची नावे १९५८ च्या वतने नष्ट करणाऱ्या कायद्यानंतर हळूहळू बोलण्यातून जात आहेत. त्या तुकड्याचे काय झाले, तो कोणी घेतला, किती पैशांत गेला, हे सांगणारी पिढीही जात आहे.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. अपमानाची पाटी दारावर बाळगण्यात कसलाही इतिहास नाही. आयर्लंडनेही स्वतंत्र होताना क्वीन्सटाउनचे कोव्ह केले, किंग्जटाउनचे डून लीरी केले. पण तिथे जुन्या नावांच्या वह्याही ठेवल्या आहेत. आपण पाटी बदलावी आणि त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे की ही वस्ती गावाच्या कोणत्या दिशेला होती, तिचा पाणवठा कोणता होता, गावचा कोणता होता, त्या वाटेला काय म्हणत, स्मशान कुठे होते. नाव बदलल्यावर पन्नास वर्षांनी कोणी म्हणेल की इथे तसे काही नव्हतेच, तेव्हा उत्तर देण्यासाठी ती वही लागेल.

हे काम आपल्याकडे झालेलेच नाही असे नाही. चांगदेव खैरमोडे यांनी बाबासाहेबांची साधने कोणत्याही संस्थेच्या आधाराआधी जमवायला घेतली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना भेटून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ मध्ये सिद्ध केला. त्या स्त्रियांपैकी पुष्कळ आज नाहीत. त्यांचे शब्द आहेत. पण हे काम मोठ्या नेत्यांपुरते आणि मोठ्या लढ्यांपुरते राहू नये. प्रत्येक वस्तीत एक वही हवी.

शिक्षक मित्रांना आणि विद्यार्थ्यांना म्हणून काही साध्या गोष्टी सुचवतो. सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव आणि तारीख लिहावी. त्याचे शब्द प्रमाण भाषेत सुधारू नयेत; 'किल' आणि 'क्विल' यांतला फरक उच्चारातच असतो. बाईला वेगळे, पुरुष उठून गेल्यावर विचारावे. आपल्याहूनही बाहेर ठेवलेल्यांना, पालातल्या माणसांना, त्यांच्याच तोंडून सांगू द्यावे. आयर्लंडच्या मुलांच्या वहीत जी उणीव राहिली ती आपल्या वहीत राहू नये. ऐकलेले आणि पाहिलेले यांची गल्लत करू नये. आणि वहीच्या दोन नकला करून दोन निरनिराळ्या घरांत ठेवाव्यात, कारण दप्तरखाने जळतात आणि घरे गळतात.

ओ'डोनोव्हन विचारत गेला तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्या पुष्कळ म्हाताऱ्यांना पुढच्या दहा वर्षांत दुष्काळ येणार आहे हे ठाऊक नव्हते. आपल्या वस्तीतल्या ऐंशी वर्षांच्या आजीला वही घेऊन विचारायला या उन्हाळ्याच्या सुटीतच गेले पाहिजे.